हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धा : महिलांची कंपाउंड तिरंदाजी

चीनमधील हांगझोऊ येथे २०२२ मध्ये ठरलेली १९वी आशियाई क्रीडास्पर्धा कोविडमुळे २०२३ मध्ये झाली. कंपाउंड धनुष्याच्या टोकांना कप्प्या असतात. लक्ष्य ५० मीटरवर. ५ ऑक्टोबरला भारताच्या ज्योती सुरेखा वेन्नम, साताऱ्याची अदिती स्वामी आणि परनीत कौर यांनी चिनी तैपेईला २३०–२२९ असे हरवून सांघिक सुवर्णपदक जिंकले. चोवीस बाणांनंतर फरक एका गुणाचा, यावरूनच या खेळातील ताण कळावा. वैयक्तिक उपांत्य सामन्यात ज्योतीने अदितीला हरवले. पुढे ज्योतीला सुवर्ण, अदितीला कांस्य मिळाले. महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात अदितीचे स्थान खरोखर मोठे आहे : दोनच महिने आधी, सतराव्या वर्षी, ती बर्लिनमध्ये वैयक्तिक जगज्जेती झाली होती. कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला आहे.