भिंतीवरचे सदुसष्ट कोटी

माणसाला आश्चर्य कशाचे वाटावे, याला काही नियम दिसत नाही. 27 सप्टेंबर 2025 रोजी दिल्लीतल्या एका लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे 1970 सालचे चित्र 67 कोटी 8 लाख रुपयांना गेले. अशी बातमी चेंबूरसारख्या उपनगरात येऊन पोचली, की सकाळच्या चहाबरोबर तीन उद्गार हमखास निघतात. पहिला : ‘एवढ्यात अख्खी सोसायटी उभी राहील!’ दुसरा : ‘असले तर आमचा बंड्याही काढील.’ आणि तिसरा, जरा आवाज उतरवून : ‘यात काहीतरी काळेबेरे असणार.’ या उद्गारांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकण्याची रसिकांत चाल आहे. ती योग्य नव्हे. तिन्हींच्या पाठीशी थोडा इतिहास आहे.

पहिला उद्गार घ्या. चेंबूरच्या माणसाने किमतींचे नवल करावे, यात एक गंमत आहे. 1906 साली कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत रूळ टाकले गेले, ते मुख्यतः शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. माणसांना त्या गाडीत जागा मिळाली 1924 साली. शहर आपली घाण ज्या बाजूला आणून टाकीत असे, त्याच बाजूची जमीन पुढे सोन्याच्या मोलाची झाली. 1948 साली उभारलेल्या राज कपूर यांच्या स्टुडिओला 2017 मध्ये आग लागली. पुढे ती जागा विकली गेली आणि तेथे घरे आली. चौरस फुटाचा भाव ऐकून आपण सुस्कारा सोडतो, पण त्याला कोणी थोतांड म्हणत नाही. घरात राहता येते, हे आपल्याला कळते. चित्रात राहता येत नाही. आणि जन्मभर हप्ते फेडणाऱ्याने मोठी रक्कम ऐकताच मनात घरे मोजली, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

दुसऱ्या उद्गाराचे मूळ आणखी खोल आहे. आपल्या घरांत चित्र आले ते देवाच्या रूपाने. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांच्या भिंतींवर येऊन बसल्या. चित्र म्हणजे ओळखू येणारे रूप, त्यात दिसणारी मेहनत आणि हात जोडावेत असा भाव, ही आपली मोजपट्टी त्यातून घडली. गायतोंडे यांच्या चित्रात यातले काहीच सापडत नाही. रंगांचे थर, त्यातून झिरपणारा उजेड आणि शांतता, एवढेच. मग मनुष्य विचारतो, ‘हे आहे तरी काय?’

पण हाच प्रश्न आपण दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीला विचारीत नाही. तिच्यात ना झाड असते, ना माणूस. तरी रेषा सरळ आली की डोळा सुखावतो आणि ठिपका चुकला की खुपतो. अर्थावाचूनचे रूप मराठी घराला परके नाही. ते उंबऱ्यावरून उचलून भिंतीवर टांगले, आणि त्याला किंमत लावली, की मात्र आपण बिचकतो.

ज्यांची चित्रे आज कोटींत जातात, ती मंडळी तरी कोण होती? 1947 साली मुंबईत जमलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह’ चित्रकारांपैकी आरा यांनी लोकांच्या घरी चाकरी केलेली होती. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत. गायतोंडे यांचा जन्म 1924 चा, नागपूरचा. वाढले गिरगावच्या चाळीत, आणि 1948 साली जे. जे.मधून पदविका घेऊन बाहेर पडले. पुढे दिल्लीत ते एकटे, फार थोड्या गरजांत राहिले. वर्षाकाठी मोजकी चित्रे करीत. 2001 साली ते वारले. कोटींचा आकडा त्यांनी पाहिलाच नाही. 2013 साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचे चित्र 23 कोटी 70 लाखांना गेले, तेव्हा ते जाऊन बारा वर्षे झाली होती.

हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ची कथा तर ऐकण्यासारखी आहे. 1954 साली दिल्लीत आलेल्या नॉर्वेच्या एका डॉक्टरने हे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र 1,400 रुपयांना घेतले. 1964 साली ते ओस्लोच्या रुग्णालयाला दिले गेले, आणि वर्षानुवर्षे त्या दूरच्या देशात आपली खेडी भिंतीवर टांगलेली राहिली. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला त्याचे सुमारे 118 कोटी रुपये आले.

तेव्हा ‘काळेबेरे’ शोधायचेच, तर ते येथे शोधावे. लिलावात भाव चढायला दोनच हट्टी श्रीमंत पुरतात. गुणाची पारख आणि पैशाची ईर्षा एकाच हातोड्याने मोजली जाते. पण त्यातले चित्रकाराला काय मिळते? फ्रान्समध्ये मिले यांचे ‘अँजेलस’ 1889 साली साडेपाच लाख फ्रँकांवर गेले. चित्रकार 1875 मध्येच वारले होते. असल्या अन्यायाची चर्चा होऊन तेथे 1920 साली कायदा झाला, की पुनर्विक्रीत चित्रकाराचा वा त्याच्या वारसांचा वाटा असावा. आपल्याही कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने असे कलम आले : दहा हजार रुपयांवरच्या पुनर्विक्रीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा. कलम आहे, त्याचा उपयोग क्वचितच होतो. आपल्या तिसऱ्या उद्गाराने या कलमाची आठवण करून दिली, तर तो सार्थकी लागेल.

नोव्हेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कला भिंतीला चिकटपट्टीने लावलेले एक केळे 62 लाख डॉलरांना विकले गेले. ते केळे 35 सेंटला विकणारा वृद्ध फळवाला बांगलादेशातून आलेला होता. किंमत कळल्यावर तो रडला. त्या रडण्यावर कोणत्याही समीक्षकाकडे उत्तर नाही, आणि ते रडणे चुकीचेही नव्हते.

तरीही किमतीच्या रागाने चित्राकडे पाठ फिरवू नये. ट्रॉम्बेच्या अणुसंस्थेचे जनक होमी भाभा स्वतः चित्रे काढीत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्यांनी हुसेन, आरा, गायतोंडे यांची चित्रे घेतली, ती ही नावे बाजारात चढण्याच्या पुष्कळ आधी. त्यांनी भाव पाहिला नाही, चित्र पाहिले.

तेवढे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून उघडी आहे, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. चेंबूरहून हार्बरची गाडी धरावी आणि दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार तिथे काढावी. बंड्यालाही बरोबर न्यावे. घरी येऊन त्याने खरोखरच काढायला घेतले, तर त्याला रंग आणून द्यावेत.