संघ कोणाचा, मैदान कोणाचं

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. त्या वेळी जालना औरंगाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं; स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८१ उजाडावं लागलं. राज्य बदललं त्याला बरोबर एक महिना झाला आणि १ डिसेंबरला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचणारा आशियातला तो पहिला संघ. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. चारपैकी तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मूळ गोव्याचा, पण खेळायचा मुंबईत. म्हणजे शिकवणारा आमच्या जुन्या राज्यातला आणि गोल मारणारा नव्या राज्यातला. फुटबॉलवर दोन्हीकडून हक्क सांगावा असा योग जालन्याच्या नशिबी त्या एका महिन्यात आला होता. त्याच हंगामात संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात हैदराबादनं मुंबईला हरवलं. पुढच्या वर्षीही तेच दोन संघ समोरासमोर आले आणि पुन्हा हैदराबादच जिंकलं. माझे वडील सांगायचे, कोणाच्या बाजूनं ओरडायचं हेच तेव्हा कळेना. कागदावर आम्ही मुंबईचे, पण जीव हैदराबादच्या संघात.

माझी सगळी नोकरी जालना जिल्ह्यात क्रीडाशिक्षक म्हणून गेली. शाळेत कबड्डी, खो-खो, क्रिकेट सगळं शिकवलं, पण जीव फुटबॉलमध्ये. म्हणून ही गोष्ट मला सांगायची आहे. ज्या संघांमुळे हैदराबाद आणि मुंबई या दोन शहरांची फुटबॉलमध्ये देशभर ख्याती होती, त्यातले बहुतेक आज नाहीत. ते का गेले याचं उत्तर मैदानावर सापडत नाही. ते कोणाच्या मालकीचे होते, हे बघावं लागतं.

हैदराबाद सिटी पोलिस या संघापासूनच सुरुवात करतो. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी वूस्टरशर रेजिमेंटनं जिंकला. पुढं कितीतरी वर्षं तो गोऱ्या पलटणींच्याच हातात राहिला. १९३७ मध्ये बंगळूरच्या मुस्लिम संघानं तो भारतीय हातात आणला. नंतर १९५० ते १९५४ अशी ओळीनं पाच वर्षं तो हैदराबाद पोलिसांनी जिंकला. लागोपाठ पाच वेळा रोव्हर्स जिंकणं दुसऱ्या कोणत्याही संघाला जमलं नाही, कलकत्त्याच्या मोठ्या संघांनाही नाही. १९५० साली आणि पुन्हा १९५४ साली रोव्हर्सबरोबर ड्युरंड कपही त्यांनीच नेला. कुठल्या काळात, हेही लक्षात घ्या. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली होती. राज्य बदललं, वरिष्ठ अधिकारी बदलले, कारभाराची भाषासुद्धा बदलू लागली होती. अशा धामधुमीत पोलिसांचे अकरा खेळाडू देशभर फिरून चषक जिंकून आणत होते.

रहीम साहेब पेशानं शाळामास्तर. १९४३ पासून मृत्यूपर्यंत हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव, १९५० पासून पोलिस संघाचे आणि भारतीय संघाचेही प्रशिक्षक. १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांत त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. १९६२ मध्ये जकार्तात तर कर्करोगानं शरीर पोखरलेलं असताना ते संघाबरोबर उभे होते. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवलं. पुढच्या जूनमध्ये ते गेले. त्यानंतर आजपर्यंत भारताला आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही.

त्यांची एक रीत मी माझ्या मुलांवर वापरली, म्हणून ती सविस्तर सांगतो. रहीम हैदराबादेत अशा स्पर्धा भरवत की खेळाडूनं फक्त आपल्या कमजोर पायानंच चेंडू मारायचा. उजव्या पायानं खेळणाऱ्यानं डाव्यानंच. दुसरी स्पर्धा अशी की चेंडू पायाजवळ घोळवायचाच नाही. आला की लगेच दुसऱ्याकडं द्यायचा. आमच्या शाळेच्या मैदानावर मी पहिल्यांदा डाव्या पायाचा नियम लावला, तेव्हा पोरं हसून लोळली. त्यांचा चेंडू जायचा एकीकडं आणि ती जायची दुसरीकडं. उन्हाळ्यात आमची काळी माती भेगाळते. चेंडू भेगेत अडकून भलतीकडंच उडतो. पावसाळ्यात तीच माती बुटाच्या तळाला थरावर थर चिकटते आणि पाय पायलीएवढा जड होतो. चिखल खरवडायला प्रत्येक गोलपोस्टजवळ मी एक पत्र्याचा तुकडा ठेवलेला असायचा. त्या मातीत डाव्या पायानं सरळ पास देणं सोपं नव्हतं. पण दोन महिन्यांत फरक दिसू लागला. समोरचा उजवीकडून अडवायला आला की आमचा पोरगा न अडखळता डाव्या पायानं चेंडू काढून देऊ लागला. मास्तर असणं आणि प्रशिक्षक असणं या दोन गोष्टी रहीमना वेगळ्या नव्हत्या, हे मला त्या दिवसांत उमगलं.

पोलिसांचा संघ पुढं आंध्र प्रदेश पोलिस या नावानं खेळला. साठच्या दशकातही रोव्हर्स जिंकला, ड्युरंड जिंकला, पण रहीम गेल्यावर हळूहळू मागं पडला. चांगले खेळाडू कलकत्त्याला जाऊ लागले. पोलिस खात्याला बंदोबस्त आहे, तपास आहे. फुटबॉल हे त्याचं काम नव्हतंच. एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला खेळाची आवड असली तर भरती चांगली व्हायची. त्याची बदली झाली की पुढच्याला ती आवड असेलच असं नाही. मैदानाचंही तसंच झालं. हैदराबादच्या फतेह मैदानाला १९६७ मध्ये लाल बहादूर शास्त्रींचं नाव मिळालं. मैदान अजून जागेवर आहे, पण आजच्या हैदराबादकराला ते माहीत आहे ते क्रिकेटमुळं किंवा सभांमुळं. २०२३ च्या डिसेंबरात तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी त्याच मैदानावर झाला.

आता मुंबईकडं येतो. नेव्हिल डिसूझा टाटांच्या संघाकडून आणि कॅलटेक्सकडून खेळला. १९५८ चा रोव्हर्स कप कॅलटेक्सनं जिंकला. आता कॅलटेक्स म्हणजे काय, हे नव्या पिढीला विचारून बघा. तेल विकणारी परदेशी कंपनी होती ती. सत्तरच्या दशकात सरकारनं तिचा भारतातला कारभार ताब्यात घेतला आणि तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळला. पेट्रोल पंपावरची पाटी गेली तशी रोव्हर्स जिंकणाऱ्या संघाची पाटीही गेली. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा आशियातला पहिला खेळाडू ज्या जर्सीत खेळला, ती जर्सी आज कोणाची वारसदार म्हणून मिरवायची?

मुंबईतलं बहुतेक फुटबॉल असंच होतं. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र, एअर इंडिया. खेळाडू नोकरीला कंपनीत, सकाळी सराव, दुपारी खात्यात हजेरी, आणि हंगामात कूपरेजवर हारवूड लीग किंवा नाडकर्णी चषक. या व्यवस्थेला मी नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरी दोन वेळची चूल पेटायची मारामार, अशा पोराला फुटबॉलच्या जोरावर कायमची नोकरी मिळे, भविष्यनिर्वाह निधी मिळे, पुढं पेन्शनही. डोंबिवलीत किंवा माहीममध्ये छोटंसं घर घेऊन राहिलेला जुना खेळाडू सुखानं म्हातारा व्हायचा. आजच्या चकचकीत लीगमध्ये एका वर्षाच्या करारावर खेळणाऱ्या पोराला ही शाश्वती नाही. पण या व्यवस्थेचं एक वैगुण्य होतं. संघ कंपनीच्या खर्चाच्या वहीतला एक रकाना असे, आणि तो रकाना कधीही कापता येत असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईचं कापड ज्या यंत्रांवर निघत होतं ती एकेक करून थांबत गेली. जिथं मागच बंद पडले, तिथं फुटबॉलचा संघ कोण पोसणार?

महिंद्रचा संघ १९६२ मध्ये सुरू झाला. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग त्यांनी जिंकली. फेडरेशन कप दोनदा, ड्युरंड तीनदा. आणि २०१० मध्ये, हंगाम संपता संपता, तो बंद झाला. कंपनी चांगली चालली होती, संघही चांगला होता. तरी तो बंद झाला. रोव्हर्स कप तर त्याआधीच, २०००-०१ च्या हंगामानंतर, थांबला होता. एकशे दहा वर्षांची स्पर्धा, आणि तिच्यासाठी मुंबईत कुणी रस्त्यावर उतरलं नाही. मुंबई एफसी २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये गेली. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरी आली होती. तीही आज नाही. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आवरलं.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट पुण्याच्या दुसऱ्या संघाची आहे. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुरू झाला, २०१९ मध्ये मिटला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली आणि हैदराबाद एफसी हा नवा संघ उभा राहिला. २०२२ मध्ये त्यानं लीगची अंतिम लढत जिंकली. रहीम साहेबांच्या शहरात पुन्हा मोठा चषक आला म्हणून मला मनापासून आनंद झाला होता. तोही टिकला नाही. २०२५ मध्ये हा संघ उचलून दिल्लीला नेला आणि त्याचं नाव बदललं. पुणे, हैदराबाद, दिल्ली, असा बदली झालेल्या तहसीलदारासारखा संघ फिरतो. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या प्रेक्षकाला त्यात कुणी विचारलं का?

हे आपल्याकडंच घडतं असं नाही. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या आयर्लंडमध्ये १९२१-२२ ला लीग सुरू झाली तेव्हा ती पहिल्यांदा जिंकली गिनेस मद्य कारखान्याच्या कामगारांच्या सेंट जेम्सेस गेट या संघानं. त्याच लीगमध्ये जेकब बिस्किट कारखान्याचाही संघ होता. तो दहा-बारा वर्षांत बाहेर पडला. उत्तर आयर्लंडमधला बेलफास्ट सेल्टिक हा संघ १९४९ मध्ये तिथल्या लीगमधून निघाला तो परतलाच नाही. त्याच्या मैदानावर आज खरेदीचं संकुल आहे. डब्लिनमध्ये शॅमरॉक रोव्हर्सचं ग्लेनमालूर पार्क १९८७ मध्ये मालकांनी विकलं, आणि तिथं घरं झाली. तिथल्या प्रेक्षकांनी मात्र विक्रीविरुद्ध आंदोलन केलं, नव्या मैदानावरच्या सामन्यांवर बहिष्कार टाकला. मैदान वाचलं नाही, पण शॅमरॉक रोव्हर्स वाचला आणि आज तो आयर्लंडचा आघाडीचा संघ आहे.

वाचण्याचं उदाहरण मात्र आपल्याला आयर्लंडात शोधायची गरज नाही. कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर या संघांचा सामना असला की पेठा ओस पडतात. इथं संघ कोणत्या कंपनीचा नाही, खात्याचा नाही. तो पेठेचा, तालमीचा आहे. वर्गणी पेठेतून येते, पोरं पेठेतली, आणि हरलं तर पेठ रात्रभर झोपत नाही. कधी त्यातून भांडणंही होतात, ती मला पसंत नाहीत. पण एखाद्या साहेबानं सही केली आणि पाटाकडील बंद पडलं, असं होऊच शकत नाही. सही करायला एक मालकच नाही. म्हणून हे संघ पिढ्यानपिढ्या उभे आहेत, आणि ज्यांच्या कपाटात देशाचे मोठे चषक होते ते संघ इतिहासजमा झाले. फुटबॉलच्या दर्जात कोल्हापूरच्या तालमी जुन्या पोलिस संघापुढं टिकल्या नसत्या, हे मी मान्य करतो. टिकाऊपणात मात्र त्या कितीतरी पुढं आहेत.

जालन्याकडं येतो. या शहरानं एक मोठी छावणी गमावलेली आहे. १८२७ मध्ये वसलेली ही छावणी, हैदराबाद कंटिंजंटचं ठाणं, १९०३ मध्ये उठली. पलटणीचं मैदान पलटणीचं असतं. पलटण गेली की ते मोकळं पडतं आणि मोकळी जागा शहरात फार दिवस मोकळी राहत नाही. बियाणं आणि सळईच्या कारखान्यांवर हे शहर वाढलं, २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. जमिनीचे भाव कुठं गेले ते जालनेकरांना सांगायला नको. माझे विद्यार्थी आज आपल्या पोरांना सायंकाळी खेळायला कुठं न्यायचं म्हणून मला विचारतात.

त्यांना मी जे सांगतो तेच इथं लिहितो. तुमच्या वस्तीत पोरं जिथं खेळतात त्या जागेचा नगर भूमापनाचा उतारा काढा. ती कोणाच्या नावावर आहे ते बघा. महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्यात ती क्रीडांगण म्हणून आरक्षित आहे का, ते नकाशावर बोट ठेवून विचारा. नसेल तर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. संघ काढायचा असेल तर तो कुणा एका दात्याच्या नावानं काढू नका. मोहल्ल्याच्या, गल्लीच्या नावानं मंडळ नोंदवा, घरटी वर्गणी ठेवा, हिशोब दरवर्षी सगळ्यांसमोर वाचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते आपल्याला स्वतःलाच करावं लागेल.