कोल्हापुरात राहून विज्ञान पत्रकार किंवा मासिकाचं संपादक होता येतं का?

पावसाळा जोर धरू लागला की कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर एक आकडा फिरू लागतो, राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पाठोपाठ राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हेही येतं. पण क्युसेक म्हणजे नेमकं किती पाणी? व्हॉट्सॲपवर आलेला पुराचा व्हिडिओ यंदाचा की २०१९चा?

अशा प्रश्नांची उत्तरं शोधून ती सोप्या मराठीत सांगणं हे विज्ञान पत्रकाराचं काम. तो मजकूर तपासणं, नेटका करणं आणि त्याची जबाबदारी घेणं हे संपादकाचं. या क्षेत्रात करिअर करता येतं, पण त्याचा रस्ता सरळ नाही.

कोल्हापूर आणि मासिकं

मराठीत विज्ञानावर लिहिण्याची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० मध्ये मुंबईत 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केलं. त्यात भूगोल, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयांवर लेख असत. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी विज्ञानावर मराठीत पुस्तकं लिहिली.

याच कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी कोल्हापुरातून 'ग्रंथमाला' आणि नंतर 'विश्ववृत्त' ही मासिकं काढली. 'विश्ववृत्त'मध्ये श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा एक लेख छापल्याबद्दल १९०८ मध्ये खटला झाला. त्यात विजापूरकर आणि संपादनाचं काम पाहणारे वामन मल्हार जोशी या दोघांना तुरुंगात जावं लागलं. लेख दुसऱ्याचा असला तरी काय छापायचं हे संपादक ठरवतो, म्हणून जबाबदारीही त्याच्यावर येते. हे तत्त्व आजच्या कायद्यातही आहे.

कोल्हापूरपासून जवळच, सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याच्या बातम्या देणारं हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून महाराष्ट्रभर वाचलं गेलं. शंकरराव मुळात चित्रकार. बाळ फोंडके हे भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ, ते पुढे 'सायन्स टुडे' या इंग्रजी मासिकाचे संपादक झाले. म्हणजे या कामात माणसं वेगवेगळ्या वाटांनी आली आहेत.

रोजचं काम काय असतं?

पुराचंच उदाहरण घेऊ. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडतं. तो दरवाजा २४ तास उघडा राहिला, तर सुमारे ०.१२ टीएमसी पाणी जातं. एवढा हिशोब बातमीत आला, तर 'दरवाजे उघडले' म्हटल्यावर किती घाबरायचं आणि किती नाही, हे वाचकाला कळतं.

संशोधनाच्या बातम्यांचंही तसंच. प्रसिद्धीपत्रकावर न थांबता मूळ शोधनिबंध वाचावा लागतो. प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर झाला, इतर तज्ज्ञांनी तो तपासला आहे का, पैसे कोणी दिले, हे पाहावं लागतं. त्या संशोधनात नसलेल्या एखाद्या जाणकाराचं मतही घ्यावं लागतं. 'अमुक खाल्ल्याने कॅन्सर बरा होतो' असं चुकीचं शीर्षक वाचून एखाद्या रुग्णाने उपचार सोडले, तर ती चूक नंतर दुरुस्त होत नाही.

मासिकाच्या संपादकाला याशिवाय विषय ठरवणं, लेखक शोधणं, मजकूर वेळेत मिळवणं, चित्रं आणि आलेख पाहणं, मुद्रितं तपासणं ही कामं असतात. अंक विकला जावा, वर्गणीदार टिकावेत, याचीही काळजी असते.

शिक्षण कोणतं घ्यावं?

शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. विज्ञानाची पदवी घेऊन नंतर पत्रकारिता शिकलेल्यांना शोधनिबंध वाचणं सोपं जातं. पण कला शाखेतल्यांना दार बंद नाही. त्यांनी संख्याशास्त्राच्या मूलभूत गोष्टी शिकून घ्याव्यात. टक्केवारी, सरासरी आणि धोक्याचं प्रमाण समजलं नाही, तर आरोग्याची बातमी हमखास चुकते. इंग्रजी वाचता येणं आवश्यक आहे आणि चांगलं मराठी लिहिता येणं त्याहून जास्त.

पैसे मिळतात का?

मराठी नियतकालिकांच्या लेखांचं मानधन साधारणपणे कमी असतं. फक्त त्यावर घर चालवणं अवघड आहे. त्यामुळे बरेच जण दैनिकात किंवा वेबसाइटवर नोकरी करतात आणि आरोग्य, शेती, पर्यावरण हे विषय मागून घेतात. काही जण अनुवाद, पुस्तकांचं संपादन, व्हिडिओंच्या संहिता किंवा संशोधन संस्थांचं जनसंपर्काचं काम जोडीला करतात. मात्र ज्या संस्थेकडून पैसे घेतले, तिच्यावर बातमी लिहिताना ते उघड करणं बंधनकारक मानावं.

सुरुवात कुठून करावी?

आधी छोटे लेख लिहावेत आणि पाठवावेत. १९२८ पासूनचं 'सृष्टिज्ञान', मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आणि 'शैक्षणिक संदर्भ' ही नियतकालिकं वाचल्यास कोणता मजकूर कुठे चालतो याचा अंदाज येतो. कोल्हापुरातच जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली होती. परीक्षकांना लेखक कोण हे ठाऊक नव्हतं, तरी कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

कोल्हापुरात विषयांची कमी नाही. पंचगंगेचं प्रदूषण, उसाचं पाणी, गुऱ्हाळं, पश्चिम घाटातली जैवविविधता, दरवर्षीचा पूर असे विषय हाताशी आहेत. यातला एक निवडून वर्षभर त्यावरच लिहिलं, तर त्या विषयाची माहिती लागली की संपादक आपणहून फोन करू लागतात. हातात असे आठ-दहा नीट तपासलेले लेख असतील, तर नोकरी मागताना पदवीइतकेच तेही कामी येतात.