परक्या कंठांतला कुर्ट वाइल

नाट्यपद हे जन्मतःच परतंत्र असते. ते कोणा पात्राच्या तोंडी, विशिष्ट प्रसंगी आणि समोरच्या कोणाला तरी उद्देशून येते. मैफलीत किंवा ध्वनिमुद्रिकेवर गेले की हा सारा परिवार मागे राहतो. मग काही पदे निस्तेज होतात, तर काहींना नवा जन्म लाभतो. संगीत नाटकांवर पोसलेल्या मराठी रसिकाला हा अनुभव नवा नाही. पाश्चात्त्य रंगभूमीवर मात्र ही कसोटी कुर्ट वाइल या संगीतकाराइतकी क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल.

वाइलचा जन्म १९०० साली जर्मनीतील डेसाऊ येथे झाला. वडील ज्यू प्रार्थनामंदिरातील गायक. जॉन गेच्या १७२८ मधील ‘बेगर्स ऑपेरा’चे एलिझाबेथ हाउप्टमानने जर्मन भाषांतर केले, त्यावरून बेर्टोल्ट ब्रेख्तने नवे नाटक रचले आणि वाइलच्या संगीतासह ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमध्ये ‘थ्री पेनी ऑपेरा’ रंगभूमीवर आला. आरंभीच एक रस्त्यावरचा गायक मॅक या गुंडाच्या खुनांची यादी गातो. जत्रेत खुनाच्या हकिकती गाऊन पोट भरणाऱ्यांची ती चाल; ऐकायला साधी, पण तिच्या साधेपणातच अंगावर काटा आणणारे काही आहे. पहिल्या प्रयोगात ती गाणाऱ्या कुर्ट गेरॉनचा १९४४ साली आउश्विट्झ येथे वध झाला. वाइलने १९३३ सालीच जर्मनी सोडली होती. १९३८ साली ड्यूसेलडॉर्फ येथे नाझींनी ‘अधःपतित संगीता’चे प्रदर्शन भरविले, त्यात त्याचेही नाव होते. १९३५ पासून तो न्यूयॉर्कला राहिला आणि तेथेच १९५० साली निवर्तला.

त्याच्या मागे त्याची गीते जगविली ती पत्नी लोटे लेन्या हिने. १९५४ साली मार्क ब्लिट्झस्टाइनच्या इंग्रजी रूपांतरात ती न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उभी राहिली. त्या नाटकाचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग झाले. १९५५ साली लुई आर्मस्ट्राँगने मॅकचे गीत जॅझच्या थाटात गायिले. १९५९ साली बॉबी डॅरिनच्या कंठातून ते अमेरिकेत लोकप्रियतेच्या शिखरावर पोचले. पण खुनांची ती यादी आता नाचण्याजोगी, खुशालीची झाली होती. गीत जगले, त्यातले विष मात्र उतरले. लोकप्रियतेची ही किंमत योग्य होती काय?

हा प्रश्न १९८५ साली नव्याने उभा राहिला. हाल विल्नर या निर्मात्याने ‘लॉस्ट इन द स्टार्स’ या ध्वनिमुद्रिकेत वाइलची गीते एकमेकांशी फारसा मेळ नसलेल्या कलावंतांना वाटून दिली. रॉकमधील स्टिंग आणि लू रीड, जॅझमधील कार्ला ब्ले आणि चार्ली हेडन, शिवाय टॉम वेट्स, मॅरिअन फेथफुल अशी ती मंडळी. शुद्धतावाद्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर वाद्यरचना दुसऱ्याकडून करवून घेण्याचा रिवाज असताना वाइल आपली वाद्यरचना स्वतःच करी. ती बदलणे म्हणजे केवळ वस्त्र बदलणे नव्हे, अस्थींनाच हात घालणे होय.

तथापि त्याच वाइलची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ‘सप्टेंबर साँग’ हे १९३८ चे पद त्याने नट वॉल्टर ह्यूस्टनसाठी रचले. ह्यूस्टनच्या गळ्याची झेप मर्यादित. म्हणून चालच त्या गळ्याच्या मापाने बेतली. उतारवयाकडे झुकलेल्या राज्यपालाचे तरुणीपाशी केलेले आर्जव त्या अपुऱ्या आवाजातच खरे वाटले. म्हणजे गळ्याचा स्वभाव हा वाइलच्या दृष्टीने रचनेचाच भाग होता. या न्यायाने लू रीडचा निर्विकार, बोलल्यासारखा स्वर त्या पदाला अगदी परका म्हणता येत नाही. भुकेल्यांना नीती शिकविणाऱ्यांना जाब विचारणारे दुसऱ्या अंकाच्या अखेरचे गीत टॉम वेट्सच्या खरखरीत आवाजात ऐकताना तर रंगमंच पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. १९९७ च्या ‘सप्टेंबर साँग्ज’ या संग्रहात निक केव्हने मॅकचे गीत गायिले, तेव्हा उतरलेले विष पुन्हा चढले. शेजारी लेन्याचा जुना आवाजही ठेवलेला आहे; श्रोत्याने तुलना स्वतःच करावी.

आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले आणि १९७८ साली पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आणले. तेथे मूळ गीतांना मराठी मातीतले सूर मिळाले. आणि कुमार गंधर्वांनी आपल्या एका कार्यक्रमाला ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले, त्यात तर या साऱ्या वादाचे मर्म आले आहे. तेथे नक्कल नाही आणि दुरुस्तीचा आवही नाही. आपल्याला काय उमजले एवढेच सांगणे आहे. महाराष्ट्राबाहेर, माळव्यातील देवास येथे राहणाऱ्या गायकाने हे नाव द्यावे, याचे आपल्यासारख्या परप्रांतस्थांना विशेष अगत्य वाटते.

अशा संग्रहांची परीक्षा म्हणूनच मूळ चालीशी असलेल्या साम्यावर करता येणार नाही. गाणाऱ्याला त्या पदाच्या पाठीमागचे पात्र आणि त्याची निकड दिसली आहे की नाही, एवढेच पाहावे. ती दिसली असेल तर नवे वाद्य खुपत नाही. दिसली नसेल तर मूळ वाद्यमेळही पदाला वाचवू शकत नाही. वाइलची स्वतःची वाद्यरचना रंगमंचावर वाजत राहणे अगत्याचेच आहे. पण देशोधडीला लागलेल्या या संगीतकाराची गीते जगली, ती परक्या कंठांनी त्यांना घर दिले म्हणून, हेही विसरता येत नाही.