कासाराची मोड आणि शिशाची बॅटरी
रत्नागिरीच्या जुन्या घरांत फुटकें पितळी भांडें उकिरड्यावर जात नसे. कासार तें मोडीच्या भावानें घेई व तें पुन्हां भट्टींत आटे. १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यानें शिशाच्या पत्र्यांची, पुन्हां भारतां येणारी पहिली बॅटरी केली. मिरकरवाडा बंदरांतील यांत्रिक होड्यांवर आज तिचीच संतति दिसते. तिचेंही शिसें आटवून नवें होतें. परंतु ही मोड निराळी. शिशाचा धूर मुलांच्या मेंदूस बाधतो; परसांत तें आटविणें म्हणजे घरांत विष कालविणेंच होय. जुनी बॅटरी विक्रेत्यानें परत घ्यावी, असा नियम सरकारनें केला तो २००१ सालीं. विजेरीच्या सुक्या सेलांना जागा मिळाली ती थेट २०२२ च्या नियमांत. तोंवर ते बिचारे माडाच्या आळ्यांतच पडत.