हनुमान आखाड्याची वाटचाल

अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. लोकमान्य टिळक त्याच वर्षी मंडालेहून सुटले होते आणि त्यांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांच्या या शहरात स्वराज्याची चर्चा घरोघरी होती. हाच आखाडा पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला.

बडोद्याच्या मल्लांना गायकवाडांचा, कोल्हापूरच्या तालमींना शाहू महाराजांचा आश्रय होता. वऱ्हाडात राजाश्रय कुठला? १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हाती. लाठी शिकवणाऱ्या आखाड्याकडे ते सरकार मायेने पाहील, ही अपेक्षाच व्यर्थ होती. मंडळ तगले ते कार्यकर्त्यांच्या आणि देणगीदारांच्या बळावर. हुतात्मा राजगुरू यांनी येथे व्यायामाचे धडे घेतले. पुढे उन्हाळी वर्ग भरू लागले, त्यात शिकलेले शिक्षक आपापल्या गावी परतून मुलांना शिकवू लागले आणि आखाड्याची शिक्षणसंस्था झाली. मंडळाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच मानावे लागेल, १९३६ च्या बर्लिन दौऱ्यापेक्षाही.

कीर्ती मात्र बर्लिनचीच झाली. १९२९ च्या मंदीने कापसाचे भाव पाडले होते आणि वऱ्हाडाचा सारा व्यवहार कापसावर. अशा दिवसांत, १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी, मंडळाच्या पथकाने बर्लिनला जाऊन कबड्डी आणि देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. स्पर्धेत कबड्डी नव्हती, त्यामुळे जिंकण्या-हरण्याचा प्रश्न नव्हता. पण जगाने हा खेळ पाहिला. दोनच वर्षांनी कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत त्याला स्थान मिळाले. आशियाई स्पर्धांत पदकासाठी खेळायला मात्र १९९० चे बीजिंग उजाडावे लागले.

बर्लिनच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला. प्रार्थनेइतकाच व्यायामाचाही आग्रह धरणाऱ्या या संताच्या कार्यामुळे शहरातल्या आखाड्याचा विचार खेड्यापाड्यांत परका राहिला नाही.

स्वातंत्र्यानंतर गरज होती ती प्रशिक्षित क्रीडाशिक्षकांची. १९६७ साली मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले. कालांतराने अभियांत्रिकीसारख्या शाखाही आल्या. तरी संस्थेची ओळख मैदान हीच राहिली. शहराचा हा भागच हनुमान व्यायाम नगर या नावाने ओळखला जातो.

तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवासाठी गुरुकुंजाला येणाऱ्यांनी वाटेत अमरावतीला थांबून हे मैदान अवश्य पाहावे.