रस्ता रुंद झाला, भाडेकरू कुठे गेले? बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे 'म्हणजे', 'बघा ना' येतं त्यातलं थोडं मुद्दाम ठेवलंय.

आजचा विषय आहे पुनर्विकास. मुंबईत राहणाऱ्यांना हा शब्द नवीन नाही. प्रत्येक गल्लीत निळे पत्रे लागलेत आणि आत जेसीबी चालू आहे. पण 'जुनी वस्ती पाडा, रुंद रस्ता काढा, नव्या इमारती उभ्या करा' ही आयडिया बिल्डरांनी शोधलेली नाही. मुंबईत ती सव्वाशे वर्षं जुनी आहे, आणि तिची सुरुवात एका साथीपासून होते.

मांडवीतला ताप

प्लेग म्हटलं की आपल्याला आधी पुणे आठवतं. रँड, चाफेकर बंधू, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ला गेलेल्या सावित्रीबाई. पण साथ आधी सापडली ती मुंबईत. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा ताप म्हणजे ब्युबॉनिक प्लेग आहे असं ओळखलं. धोबी तलावला मेट्रो सिनेमाच्या समोर त्यांचा पुतळा आहे. तिथून रोज हजारो लोक जातात, पण पुतळा कुणाचा हे फार थोड्यांना माहीत असतं.

पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १८९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती सुमारे ८ लाख २१ हजार, आणि १९०१मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढायच्या ऐवजी घटली! गिरण्या आणि गोदी चालवायला माणसं मिळेनात.

सरकारचं तेव्हाचं डायग्नोसिस काय होतं? रोग जागेत आहे. दाटीवाटी, अंधार, ओल, कोंडलेली हवा. त्यामुळे उपायही जागेवरच झाले. घरांवर चुना मारला, गटारं समुद्राच्या पाण्याने धुतली, ऊन यावं म्हणून छपरांची कौलं काढली. काही घरांवर 'यूएचएच' अशी अक्षरं रंगवली, म्हणजे 'माणसांना राहण्यास अयोग्य'.

आता गंमत बघा. जून १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर कराचीत प्रयोग करत होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे त्याने दाखवलं, पण ते सर्वमान्य व्हायला बरीच वर्षं गेली. आणि त्याच १८९८मध्ये मुंबईत, 'जागाच रोगट आहे' या समजावर एक अख्खी संस्था उभी राहिली.

ट्रस्ट आला

तिचं नाव बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. गव्हर्नर होते लॉर्ड सँडहर्स्ट. नमुना स्कॉटलंडचा होता, कारण ग्लासगोमध्ये १८६६ सालीच असा ट्रस्ट निघाला होता. मुंबईच्या ट्रस्टकडे कामं होती चार: रोगट वस्त्या हटवणं, दाट भागातून नवे रस्ते काढणं, गरिबांसाठी चाळी बांधणं आणि शहराच्या उत्तरेला नव्या वसाहती आखणं. लोकांची मालमत्ता सक्तीने विकत घ्यायचा अधिकारही होता. कारभार सरकारने नेमलेल्या अध्यक्षाच्या हातात. महापालिकेचे काही प्रतिनिधी आत होते, पण सूत्रं त्यांच्याकडे नव्हती.

पहिला हात नागपाड्याला लागला. मग आले दोन मोठे रस्ते. एक प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग. दुसरा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, चौपाटीच्या बाजूने निघून गोल देवळावरून थेट डोंगरीकडे जाणारा. नकाशात बघा, दोन्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. ते मुद्दाम तसे आखलेत. समुद्रावरचा वारा दाट वस्तीच्या पोटात शिरावा अशी कल्पना होती. हे रस्ते म्हणजे शहराच्या खिडक्या असं समजा.

रस्ते चांगले झाले का? झाले. दोन्ही बाजूंना खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं अशा इमारती आल्या आणि व्यापार वाढला. प्रिन्सेस स्ट्रीट आज औषधांच्या घाऊक बाजारासाठी ओळखला जातो. प्लेगच्या भीतीतून निघालेल्या रस्त्यावर औषधांचीच दुकानं, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहणारा.

पैसे कुणाला मिळाले?

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे जुनी सिस्टीम बंद करायची असेल तर आधी नवी चालू करतात, सगळा डेटा तिकडे गेलाय का ते तपासतात, आणि मगच जुनी बंद करतात. ट्रस्टने हे उलट्या क्रमाने केलं. पाडलं आधी, बांधलं नंतर. पहिल्या दशकात त्याने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत.

मग त्या खोल्यांतली माणसं कुठे गेली? शेजारच्या गल्लीत. हातगाडीवाला, हमाल, गिरणी कामगार, यांचं काम जवळच होतं आणि ट्रामचं भाडं परवडत नव्हतं. म्हणून ते पाडलेल्या घराच्या बाजूच्याच इमारतीत शिरले. एका खोलीत जिथे सहा जण होते तिथे आठ झाले. म्हणजे दाटी कमी करायला काढलेल्या रस्त्याने दोन्ही बाजूंची दाटी वाढवली.

ट्रस्टच्या स्वतःच्या चाळी होत्या की, असं तुम्ही म्हणाल. होत्या. आग्रीपाडा, चंदनवाडी, इमामवाडा, परळ. यातल्या बऱ्याच 'बीआयटी चाळी' म्हणून आपल्याला आजही माहीत आहेत. पण तिथलं भाडं दर महिन्याला भरावं लागायचं. ज्याचा पगार नियमित त्याला ते जमायचं. रोजंदारीवाल्याला नाही. ज्याचं घर पाडलं तोच नव्या चाळीत गेला, असं फार कमी वेळा घडलं.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग: नुकसानभरपाई. ती मिळायची घरमालकाला. कशावर ठरायची? मुख्यतः मालमत्तेतून येणाऱ्या भाड्यावर. १८९४च्या भूसंपादन कायद्यात सक्तीने जमीन घेतल्याबद्दल बाजारभावावर १५ टक्के जादा द्यायचीही तरतूद होती. आता हिशोब करा. ज्या मालकाने खोल्यांना पार्टिशन मारून जास्तीत जास्त भाडेकरू कोंबले, त्याचं भाडं जास्त, म्हणून भरपाईही जास्त. ज्या दाटीला रोगाचं कारण म्हटलं, तिचेच पैसे मालकाला मिळाले! आणि भाडेकरूला? काही नाही. तो राहत होता, भाडं भरत होता, साथीत मरत होता, पण कागदावर त्याची नोंदच नव्हती.

मला हे वाचताना ट्रस्टमधले लोक दुष्ट वाटले नाहीत. त्यांनी रस्त्याची रुंदी मोजली, भिंती मोजल्या, भाडं मोजलं. जे मोजलं ते सुधारलं. माणूस मोजला नाही, म्हणून तो सुटून गेला.

साडेत्रेसष्ट अंश

१९०९च्या सुमारास ट्रस्टचे अध्यक्ष झाले जे. पी. ऑर. नुसतं पाडत राहणं महागात पडतंय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी भर दिला उजेड आणि हवेच्या एका नियमावर, साडेत्रेसष्ट अंशांच्या. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढा. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये.

दहावीचं त्रिकोणमिती आठवा. या कोनाचा टॅन येतो साधारण २. म्हणजे समोरची इमारत १० मीटर उंच असेल तर मध्ये निदान ५ मीटर मोकळी जागा हवी. उंचीच्या निम्मी. एवढा सोपा नियम की गवंडीही दोरी धरून तपासू शकेल.

ट्रस्टचं सगळ्यात देखणं काम म्हणजे दादर-माटुंगा, आणि त्यात याच विचाराची छाप दिसते. मोकळ्या जमिनीवर आखलेले प्लॉट, झाडांचे रस्ते, फाइव्ह गार्डन्स, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. पारशी कॉलनीमागे मंचरजी जोशी होते, ट्रस्टमधलेच इंजिनिअर. पण प्लॉट घेऊन बांधायची ऐपत मध्यमवर्गाची होती. नागपाड्यातून उठलेला हमाल इथे आला नाही.

या संस्थेच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या पत्त्यात दिसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचं कुटुंब अनेक वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिलं. पुढे १९३०च्या दशकात त्यांनी हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं. चाळही ट्रस्टची, आणि कॉलनीची आखणीही ट्रस्टची. मधलं अंतर फार तर दोन-तीन किलोमीटर. ते पार करायला किती शिक्षण आणि किती वर्षं लागली, हे आपण जाणतोच.

१९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

भाडेकरूची नोंद झाली

पुढे चित्र बदललं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिलं. १९६९मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्ती आणि पुनर्रचनेसाठी मंडळ आलं. हळूहळू 'पाडायचं तर राहणाऱ्याला घर द्यायचं' हे तत्त्व रुजलं. बीडीडी चाळींचं उदाहरण ताजं आहे. १९२०च्या दशकात सरकारच्या दुसऱ्या एका खात्याने बांधलेल्या या चाळींत साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्या आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १८९८च्या भाडेकरूला हे स्वप्नातही खरं वाटलं नसतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळ्यांना मोजायचं, सगळ्यांची संमती घ्यायची, तर वेळ लागतो, आणि जुनी इमारत तेवढा वेळ देईलच असं नाही. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं यांचा पुनर्विकास एकत्र चालू आहे. त्याच भागातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ला कोसळली आणि ३३ जण गेले. काही बिऱ्हाडं आधीच हलली होती, काही हलायची होती. त्यामुळे 'पाडूच नका' म्हणणं सोपं आहे, पण ते उत्तर नाही.

आणि मोजलेल्या माणसालाही सगळं मिळतंच असं नाही. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हटवलेल्या लोकांना मानखुर्द-गोवंडीत सात मजली इमारती मिळाल्या. प्रत्येकाला घर, रीतसर, नावावर. पण अनेक ठिकाणी दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर. ऑर साहेबांच्या नियमाने सात मजल्यांना दहाएक मीटर लागले असते. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या कोंदट, अंधाऱ्या घरांचा आणि टीबीचा संबंध दिसला. म्हणजे १८९८मध्ये उजेड मोजला आणि माणूस विसरला. शंभर वर्षांनी माणूस मोजला आणि उजेड विसरला.

आपण काय विचारायचं?

मी मुंबईत लीव्ह-अँड-लायसन्सवर राहतो. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तसेच असणार. आमची सोसायटी उद्या पुनर्विकासाला गेली तर मालकाला मोठा फ्लॅट आणि तोवर भाडं मिळेल. मला महिन्याभराची नोटीस. माझी तक्रार नाही, मी करार वाचून सही केली आहे आणि मला दुसरं घर शोधता येईल. पण खालच्या इस्त्रीवाल्याचं काय? दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणाऱ्या पोऱ्याचं काय? तेही त्या गल्लीचेच आहेत, आणि आजही कुठल्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी साल अजून १८९८च आहे.

म्हणून तुमच्या भागात पुनर्विकासाची मीटिंग झाली, तर टॉवर किती मजली आणि लॉबी कशी हे जरूर विचारा. पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. यादीत कोण आहे आणि कोण नाही? पाडल्यापासून चावी मिळेपर्यंत माणसं कुठे राहणार? आणि माझ्या खिडकीपासून समोरची भिंत किती मीटरवर आहे? तिसऱ्याचं उत्तर तपासायला मोबाइल पुरे, अंतर आणि कोन मोजणारी अॅप्स आहेत.

तुम्ही बीआयटी किंवा बीडीडी चाळीत वाढला असाल, किंवा घरात कुणी आजी-आजोबा तिथले असतील, तर त्यांच्याकडून एक गोष्ट विचारून घ्या: आधीचं घर कुठे होतं आणि ते का सुटलं? उत्तर व्हॉइस नोट म्हणून पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही ऐकवीन. तोवर, भेटू या. काळजी घ्या.